इलेक्ट्रिक कुकरचा भात: मोकळा हवा तर मोकळा, मऊ हवा तर मऊ

दोघांपुरता लावलेला भात छान होतो. पाहुणे आले म्हणून त्याच कुकरमध्ये चौपट लावला की गिच्च गोळा होतो. एकट्यापुरता मूठभर लावला तर तळाला खरवड धरते आणि वरची शितं टोचरी राहतात. तांदूळ तोच, कुकर तोच आणि प्रमाणही तेच, एकास दोन. घोटाळा या ठरलेल्या प्रमाणात आहे. इलेक्ट्रिक कुकरमध्ये तांदळाच्या पटीत पाणी वाढवत नेलं की भात बिघडतो. तो का बिघडतो हे एकदा कळलं की कुठलाही तांदूळ हवा तसा शिजवता येतो.

कुकर बंद कधी होतो

साध्या, एका खटक्याच्या कुकरमध्ये टायमर नसतो. हीटर प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल चकती असते आणि भांडं ठेवलं की ती दबते. तिच्या आत चुंबक असतं. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. थोडं पाणी दाण्यांत मुरतं, थोडं वाफ होऊन जातं. मोकळं पाणी संपलं की तळ १०० च्या वर चढू लागतो. काही अंश वर गेला की चुंबकाची पकड सुटते, खटका उडतो आणि कुकर वॉर्मवर, म्हणजे भात नुसता गरम ठेवण्यावर, जातो.

थोडक्यात, पाणी हेच या कुकरचं घड्याळ आहे. तोशिबाने १९५५ साली जपानमध्ये पहिला स्वयंचलित इलेक्ट्रिक कुकर बाजारात आणला, तेव्हा तर हे उघडच दिसायचं. त्यात दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं, ते आटलं की तापमान वाढायचं आणि स्विच बंद व्हायचा. आजच्या कुकरमध्ये बाहेरचं भांडं गेलं, पण किती वेळ शिजवायचं हे अजूनही पाणीच ठरवतं. जास्त पाणी घातलं की भात जास्त वेळ शिजतो आणि जास्त पाणी पितोही. कमी घातलं की दाणा शिजण्याआधीच खटका उडतो.

पाण्याचे दोन वेगळे हिशेब

कुकरमध्ये घातलेलं पाणी दोन ठिकाणी जातं. एक भाग दाण्यात मुरतो आणि तो तांदळाच्या वजनाप्रमाणे वाढतो. दुसरा भाग झाकणाच्या फटीतून आणि भोकातून वाफ होऊन उडतो. हा उडणारा भाग कुकरवर, झाकणावर आणि विजेच्या दाबावर अवलंबून असतो. तांदूळ दुप्पट झाला म्हणून तो दुप्पट होत नाही, फार तर थोडा वाढतो.

आकडे घेऊन पाहू. जुन्या कोलमला वरण-भातासाठी दर १०० ग्रॅममागे १६० मिली पाणी मुरायला लागतं असं धरा आणि तुमच्या कुकरमधून दर वेळी १०० मिली वाफ उडते असं समजा. १०० ग्रॅम तांदळाला २६० मिली पाणी लागेल. २०० ग्रॅमला ३२० अधिक १००, म्हणजे ४२० मिली. ५०० ग्रॅमला ८०० अधिक १००, शिवाय जास्त वेळ उकळेल म्हणून आणखी २० मिली, म्हणजे ९२० मिली. कुकरसोबतच्या १८० मिलीच्या मापात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो, म्हणून ५०० ग्रॅम तांदूळ मापाने ६०० मिली भरतो. एकास दोनने त्यात १२०० मिली पाणी गेलं असतं. पाव लिटरहून जास्त पाणी फुकट घातलं, मग पाहुण्यांच्या पानात गोळा पडणार नाही तर काय होणार! उलट १०० ग्रॅमला, म्हणजे १२० मिली मापाला, एकास दोनने २४० मिलीच मिळतं आणि भात थोडा कमी शिजतो.

काट्यावर पाणी मोजण्याची रीत

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा यासाठी पुरतो. भांड्याचं वजन धरून तीन किलोपर्यंत मोजणारा असावा. पहिल्यांदा हे नेटाने करा, पुढे आपोआप हात बसतो.

१. कुकरचं आतलं भांडं कोरडं करून त्याचं वजन लिहून ठेवा. कुकरच्या बुडाला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर लिहिलंत तर कधी हरवत नाही.

२. २०० ग्रॅम तांदूळ कोरडा मोजा, धुवा, भिजवायचा असेल तर भिजवून निथळवा आणि भांड्यात घाला.

३. भांडं काट्यावर ठेवून पाणी ओतत जा. भांड्याचं वजन वजा केल्यावर आतला ऐवज ६२० ग्रॅम भरला की थांबा. २०० ग्रॅम तांदूळ आणि ४२० मिली पाणी झालं. धुताना, भिजवताना दाण्याने आधीच घेतलेलं पाणी यात आपसूक धरलं जातं, आणि नुसतं मापाने पाणी घालताना नेमकं तेच हिशेबातून निसटतं. भिजवून निथळलेला तांदूळ स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून जास्त पाणी घेऊन येतो. ते न धरता वरून पूर्ण पाणी घातलं की भात आसट होतो.

४. भांड्याची बाहेरची बाजू आणि बूड फडक्याने कोरडं पुसून भांडं आत ठेवा, खटका दाबा.

५. खटका उडाल्यावर दहा मिनिटं झाकण न उघडता थांबा. मग भांडं झाकणाशिवाय, जाड फडक्यावर, काट्यावर ठेवा. भांड्याचं आणि फडक्याचं वजन वजा करून भाताचं वजन काढा. ५२० ग्रॅम भरलं तर १०० मिली उडालं. ५४० भरलं तर तुमच्या कुकरचा आकडा ८० आहे.

हा उडणारा आकडा एकदा मिळाला की तो त्या कुकरचा कायमचा. काचेच्या सैल झाकणाच्या कुकरचा तो मोठा असतो, कडी लावून घट्ट बसणाऱ्या झाकणाचा लहान. पुढे फक्त दर १०० ग्रॅममागचं मुरणारं पाणी आवडीप्रमाणे दहा-दहा मिलीने कमी-जास्त करायचं. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

सुरुवातीला हे आकडे धरा, सगळे दर १०० ग्रॅम कोरड्या तांदळाला आणि उडणारं पाणी सोडून. बासमती, पुलावासाठी मोकळा: १२० ते १३०. इंद्रायणी आणि आंबेमोहोर, नवा असेल तर १४०, जुना असेल तर १५०. कोलम आणि सोना मसुरी, जुना: १६० ते १७०. हातसडीचा तांदूळ दोन ते चार तास भिजवून: २०० ते २२०. बाळासाठी किंवा आजाऱ्यासाठी गुरगुट्या भात हवा असेल तर हे आकडे धरूच नका. चौपट-पाचपट पाणी घाला, अर्ध्याहून कमी भांडं भरा आणि शिजला की स्वतः बंद करा.

काटा नसेल तर बोटाचं पेर आहेच. भांड्यात धुतलेला तांदूळ सपाट करायचा, बोटाचं टोक तांदळाला टेकवायचं आणि पहिल्या पेराइतकं पाणी वर येऊ द्यायचं. ही जुनी रीत बऱ्यापैकी जमते, कारण दाण्यांमधल्या फटींत मावणारं पाणी तांदळाबरोबर वाढतं आणि वरचा थर मात्र तेवढाच राहतो. आपला हिशेबही हाच सांगतो. पण भांडं रुंद असेल आणि तांदूळ थोडा असेल तर वरचा थर पसरट होऊन पाणी फार जास्त जातं. १.८ लिटरच्या कुकरमध्ये एक वाटी तांदूळ लावताना पेर पूर्ण भरू देऊ नका, अर्ध्यावर थांबा.

तांदूळ जुना की नवा

हा प्रश्न जातीइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना जास्त. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असलेला दाणा सुटा राहतो, कमी असलेला चिकटतो. बासमती फडफडीत आणि इंद्रायणी चिकट, हा फरक बराचसा इथून येतो. इंद्रायणी ही आंबेमोहराच्या संकरातून आलेली जात, सुवास आणि मऊपणा तिच्या अंगातच आहे. तिचा भात बासमतीसारखा मोकळा करायला जाऊ नये. तसं केलं तर तो फक्त अर्धवट शिजतो.

पण जात तीच असली तरी दिवाळीनंतर बाजारात आलेला नवा तांदूळ आणि वर्षभर मुरलेला जुना तांदूळ कुकरमध्ये वेगळे वागतात. साठवणीत दाणा घट्ट होतो, जास्त पाणी पितो, फुगतो आणि तरी फुटत नाही. नवा दाणा लवकर फुटतो आणि त्याचा स्टार्च पाण्यात उतरतो. म्हणून पोतं बदललं की दर १०० ग्रॅमला १० ते २० मिलीचा फरक करावा लागतो. नवा तांदूळ असेल तर भिजवू नका आणि गार पाण्याऐवजी कडकडीत आधणाचं पाणी घाला. उकळी लवकर फुटते आणि कोमट पाण्यात तो फार वेळ पडून राहत नाही. जुना तांदूळ मात्र गार पाण्यातच लावा.

तांदळात कणी किती आहे तेही बघा. तुकडा दाण्याच्या आधी शिजतो, विरघळतो आणि अख्ख्या दाण्यांना चिकटवून टाकतो. कणी चाळून वेगळी काढून खिचडीला किंवा घावनाला वापरली की उरलेला भात लगेच सुधारतो.

धुणं, निथळणं, भिजवणं

पहिलं पाणी घालून दोन-तीनदा हात फिरवा आणि लगेच ओता. कोरडा दाणा पहिलं पाणी भराभर शोषतो, त्यात पॉलिशची पूड तशीच राहिली तर तिचा वास भाताला लागतो. मग आणखी दोन-तीन पाणी. पाणी काचेसारखं स्वच्छ व्हायला हवं असा हट्ट नको, किंचित गढूळ राहिलं तरी चालतं. बासमती चोळू नये, दाणा मोडतो.

धुतलेला तांदूळ रोवळीत किंवा चाळणीत पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. जुना कोलम आणि बासमती अर्धा तास भिजवले तर दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतं आणि बाहेरून मऊ, आतून कणीदार अशी शितं राहत नाहीत. इंद्रायणी, आंबेमोहोराला निथळताना मिळणारा वेळ पुरतो.

बोअरच्या पाण्याने भात पिवळसर पडत असेल तर एक वाटी तांदळाला लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब घाला. पाण्यातला क्षार त्याला कारण असतो, लिंबाने रंग सुधारतो आणि चव लागत नाही. साजूक तूप किंवा तेल पाव चमचा घातलं की फेस कमी येतो. मिठाने पोतात फारसा फरक पडत नाही, चवीपुरतं घाला.

भांडं बसवताना आणि खटका उडाल्यावर

भांडं प्लेटवर ठेवून डावी-उजवीकडे थोडं फिरवा, म्हणजे बूड सगळीकडे टेकतं. प्लेटवर वाळलेलं एक शीत जरी राहिलं तरी भांडं एका बाजूने उचललेलं राहतं, एकीकडे करपतं आणि दुसरीकडे कच्चं राहतं. आठवड्यातून एकदा, प्लग काढून आणि कुकर गार करून, प्लेट आणि मधली चकती किंचित ओलसर फडक्याने पुसा. चकती बोटाने दाबून ती मोकळेपणाने वरखाली होते का पाहा.

शिजताना झाकण उघडू नका. खटका उडाला म्हणजे भात झाला असं समजू नये. त्या वेळी तळचा भात कोरडा आणि वरचा ओलसर असतो, आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत वाफ सगळीकडे सारखी मुरते. साध्या कुकरमध्ये वॉर्मवरही तळ तापतच राहतो, म्हणून खरवड नको असेल तर खटका उडाल्यावर प्लग काढा आणि झाकण तसंच ठेवा. काचेच्या झाकणावर जमलेले थेंब परत भातावर पडून वरचा थर पचपचीत करतात. असं झाकण मात्र प्लग काढल्यावर एकदाच पटकन उचलून पुसा, खाली पातळ सुती फडकं ताणून झाकण परत लावा, फडक्याची टोकं वर बांधा.

दहा मिनिटांनी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या भातवाढणीने कडेने आत जाऊन भात खालून वर उचलत मोकळा करा. गोल ढवळू नका. गरम शीत लवकर मोडतं आणि मोडलेलं शीत शेजारच्याला चिकटतं. पुलावाचा भात तर परातीत पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, दाणा आवळतो आणि सुटा होतो.

बिघडलंच तर

शितं आतून कच्चट आणि पाणी संपलेलं: दर दोन वाट्या भातावर दोन-तीन चमचे उकळतं पाणी सगळीकडे शिंपडा, झाकण लावा, पंधरा मिनिटं वॉर्मवर ठेवा. खटका लगेच पुन्हा दाबायला जाऊ नका. तळ अजून गरम असतो, चुंबक धरत नाही आणि जबरदस्तीने दाबून धरलं तर खालचा भात करपतो.

गिच्च झाला: झाकण काढा, परातीत पातळ पसरा, पंख्याखाली दहा मिनिटं. फुटलेला दाणा सुटा होणार नाही, पण ओल जाते. पुढच्या वेळी दर १०० ग्रॅमला १० मिली कमी करा.

उतू जातो: भांडं अर्ध्याहून जास्त भरलंय किंवा तांदूळ कमी धुतलाय. उतू जाण्याने नुसती ओट्यावर घाण होत नाही, मोजलेलं पाणीही बाहेर जातं. म्हणून उतू गेलेला भात वर कोरडा लागतो.

संध्याकाळी बिघडतो, दुपारी नाही: विजेचा दाब तपासा. दाब कमी झाला की हीटरची ताकद त्याच्या वर्गाने घटते. २३० व्होल्टच्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर ७०० वॉटचा कुकर साधारण ४३० वॉटचाच उरतो. उकळी यायला फार वेळ लागतो, तांदूळ कोमट पाण्यात भिजत राहतो आणि भात लगदा होतो. अशा गावात पाणी आधी गॅसवर उकळून घाला, बराच फरक पडतो.

मसालेभात: फोडणी कढईत करा. कोरड्या भांड्यात कुकर चालू केला की तळ लगेच तापतो आणि दोन-तीन मिनिटांत खटका उडतो. तांदूळ आणि तोंडली कढईतच परतून भांड्यात घाला आणि गरम पाणी ओता. टोमॅटो घालणार असाल तर त्याच्या पाण्यापुरतं पाणी कमी करा.

उकडा तांदूळ

गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या उकड्या तांदळाला वरचा हिशेब लावू नये. दाणा आधीच उकडून वाळवलेला असतो, कडक असतो आणि शिजायला वेळ घेतो. नेमकं पाणी घातलं तर तो शिजण्याआधीच पाणी आटतं. रात्रभर किंवा निदान चार तास भिजवा, भांडं तांदूळ-पाण्यासह निम्मंच भरा आणि तांदळाच्या चौपट पाणी घाला. इतक्या पाण्यात खटका आपणहून उडणार नाही. पस्तीस मिनिटांनी शीत दोन बोटांत चेपून पाहा, कणी लागली तर आणखी दहा मिनिटं. मग कुकर बंद करा, पेज गाळून घ्या आणि भात पाच मिनिटं झाकून ठेवा. पेज टाकू नका, मीठ घालून प्या.

परदेशातला कुकर

अमेरिकेत-युरोपात मिळणाऱ्या जपानी बनावटीच्या कुकरमध्ये भांड्यावरच्या रेषा जपानी आखूड दाण्याच्या तांदळासाठी आखलेल्या असतात. त्या रेषेवर कोलम लावला तर वरण-भातासाठी टणक होतो, थोडं जास्त पाणी लागतं. सोबतचं माप १८० मिलीचं असतं आणि अमेरिकेतला कप २४० मिलीचा. एकाने तांदूळ आणि दुसऱ्याने पाणी मोजलं की सगळा हिशेब गेला. या कुकरमध्ये बऱ्याचदा भिजवण्याचा आणि मुरवण्याचा वेळ आधीच धरलेला असतो, त्यामुळे तांदूळ वेगळा भिजवायची गरज नसते.

उरलेला भात

वॉर्मवर दोन-तीन तासांपलीकडे ठेवलेला भात कडेने वाळतो आणि पिवळट होतो. पण बंद कुकरमध्ये कोमट भात रात्रभर ठेवणं त्याहून वाईट. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात तासाभरात पसरून गार करा आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा.

फ्रीजमध्ये स्टार्च पुन्हा आवळतो, म्हणून सकाळी दाणा टणक लागतो. फोडणीच्या भाताला हेच हवं असतं, थंड शितं हाताने मोकळी करून थेट फोडणीत घाला. साधा भात गरम करायचा असेल तर वाटीभर भातावर एक चमचा पाणी शिंपडा, झाकून पूर्ण वाफ येईपर्यंत तापवा आणि दोन मिनिटांनी झाकण काढा.